कॉटेज मीटिंगमध्ये सहकुटुंब गायन आणि उपासना: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

नवी मुंबई-ठाण्यात ऐरोली, नेरूळ, खारघर, कळवा किंवा घोडबंदर रस्त्याच्या परिसरात राहायला आलेली पुष्कळ मराठी ख्रिस्ती कुटुंबे मूळची अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), जालना, सोलापूर, सांगली या भागांतली आहेत. गावाकडे मंडळी, म्हणजे आपल्या चर्चचा समुदाय, घराजवळ असे, संध्याकाळच्या प्रार्थनेला शेजारची चार घरे सहज जमत आणि मुले गीते न शिकवताच शिकत. इथे मात्र चर्च दोन स्टेशने पलीकडे असते, रविवारी मेगाब्लॉक असतो आणि आठवड्याचे बाकीचे सहा दिवस एकमेकांची गाठही पडत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी अनेक मंडळ्या घरोघरी लहान गट चालवतात. कोणी त्यांना कॉटेज मीटिंग म्हणतात, कोणी सेल ग्रुप, कोणी नुसतीच घरगुती प्रार्थना. अशा गटात पहिल्यांदाच सहकुटुंब जाणाऱ्यांसाठी आणि त्याहूनही अधिक, आपल्या घरी असा गट पहिल्यांदाच बोलावणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

आमच्या गटाची सुरुवात ऐरोलीतील एका वन-बीएचके घरात पाच कुटुंबांनिशी झाली. गायनाची जबाबदारी माझ्याकडे होती आणि मी ती मोठ्या उत्साहाने, पण चुकीच्या रीतीने पार पाडली. एका संध्याकाळी सात गीते, त्यातली चार नवी, सोबत कीबोर्ड आणि लहान स्पीकर अशी माझी तयारी असे. तिसऱ्या सभेपर्यंत खोलीत मी, माझी पत्नी आणि कीबोर्ड वाजवणारा मुलगा असे तिघेच गात होतो आणि बाकीचे सगळे आदराने ऐकत होते. निघताना सत्तरी ओलांडलेल्या एका आजींनी मला हळूच विचारले, "भाऊ, आमच्या ओळखीचं एखादं घ्याल का पुढच्या वेळी?" पुढच्या वेळी मी त्यांनाच सुरुवात करायला सांगितले. त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला, तो घडी करून बाजूला ठेवला आणि पुस्तक न उघडता, डाव्या तळहाताने मांडीवर ठेका धरत, माझ्या नेहमीच्या पट्टीपेक्षा बऱ्याच खाली ध्रुवपद उचलले. दुसऱ्या आवर्तनाला पुरुषांचे आवाज मिसळले, तिसऱ्याला मुलांचे. त्या दिवसापासून आमच्या गटाने एकच कसोटी ठेवली आहे: खोलीतला सहा वर्षांचा मुलगा आणि त्याची आजी ही दोघेही जे गीत गाऊ शकतात, ते गीत आमच्या उपासनेचे. पुढे जे काही सांगितले आहे, ते या कसोटीतूनच आले आहे.

आधी गट आणि वेळ

चार ते सहा कुटुंबे पुरेशी आहेत. सिडकोच्या घराच्या दिवाणखान्यात सतरंजी अंथरली तर पंधरा-अठरा माणसे दाटीवाटीने बसतात, आणि गायनाच्या दृष्टीने ही दाटी उपकारक ठरते, कारण शेजारच्याचा आवाज कानाशी आला की बिचकणारा माणूसही तोंड उघडतो. शक्य असेल तर सोफा भिंतीला लावावा आणि सर्वांनी गोलाकार बसावे. पुढे एक जण उभा आणि समोर बाकीचे रांगेत बसलेले, अशी मांडणी केली की बसलेल्यांना आपण श्रोते आहोत असेच वाटू लागते.

दिवस ठरवताना नोकरदारांच्या परतीच्या वेळा प्रामाणिकपणे विचारात घ्याव्यात. साडेसहाची सभा ठेवून आठपर्यंत वाट पाहण्यापेक्षा शनिवारी साडेसातची किंवा रविवारी पाचची वेळ ठेवावी आणि ती पाळावी. एकूण सभा सव्वा ते दीड तासाची असावी व त्यात गायन साधारण पंचवीस मिनिटे असावे. गट जर एखाद्या मंडळीशी जोडलेला असेल, तर दिवस ठरवण्यापूर्वी पाळकसाहेबांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) सांगणे योग्य, म्हणजे उपवास-प्रार्थना किंवा तरुण संघाच्या कार्यक्रमाशी गोंधळ होत नाही.

गीतांची निवड

एका सभेला चार गीते घ्यावीत, पाचवे घेऊ नये. पहिले गीत सर्वांना पाठ असलेले असावे, मग ते कितीही जुने असो. दुसरे मुलांचे, हातवारे किंवा टाळ्या असलेले असावे आणि त्यात मोठ्यांनीही हात हलवावेत, कारण मोठे हाताची घडी घालून बसले की आठ वर्षांची मुलेसुद्धा लाजतात. तिसरे गीत त्या महिन्याचे. चौथे प्रार्थनेपूर्वीचे, शांत आणि सावकाश.

या चारांत महिन्याच्या गीताला मी सर्वाधिक महत्त्व देतो. महिनाभर एकच नवे गीत घ्यायचे, प्रत्येक सभेत तेच आणि मधल्या दिवसांत घरीही तेच. वर्षाला बाराच गीते होतात हे खरे. परंतु ती बारा गीते त्या मुलांच्या स्मरणात राहतात, आणि आईवडिलांच्या आजारपणात किंवा परगावच्या वसतिगृहात त्यांना पुस्तकावाचून आठवतात. दर आठवड्याला नवे गीत घेणाऱ्या गटांतली मुले पडद्यावर शब्द दिसेपर्यंतच गातात, असे मी वारंवार पाहिले आहे.

मराठी माणसाला गीतांसाठी लांब जावे लागत नाही. 'उपासना संगीत' हा आपला गीतसंग्रह बहुतेक घरांत असतो, आणि त्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) कितीतरी गीते आहेत. टिळकांच्या आधीही मराठीत ख्रिस्ती गीते होती, पण त्यांतली पुष्कळशी पाश्चात्त्य चालींवर बसवलेली भाषांतरे होती. मराठीतले ऱ्हस्व-दीर्घ आणि त्या चालींचे आघात नेहमी जुळत नाहीत, म्हणून मुलांची जीभ तिथे अडखळते. टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन या इथल्या रूपांत भक्ती मांडली. एकाने ओळ म्हणायची, सर्वांनी ती झेलायची आणि फिरून ध्रुवपदावर यायचे, ही रीत गावाकडच्या आजीला अंगवळणी पडलेली असते आणि वाचता न येणाऱ्या लहानग्यालाही लगेच जमते. त्यामुळे नव्या गटाने पहिले दोन-तीन महिने अशीच, ध्रुवपद सतत परतून येणारी गीते घ्यावीत असे माझे स्पष्ट मत आहे. पाश्चात्त्य चालींची सुंदर गीतेही आपली आहेत. ती आवाज एकमेकांत मिसळू लागल्यावर घ्यावीत.

गीते निवडताना मंडळीच्या वर्षाकडेही लक्ष ठेवावे: आगमनकाळ (नाताळापूर्वीचे आठवडे), नाताळ, उपवासकाळ (पुनरुत्थानाच्या सणापूर्वीचे आठवडे), पुनरुत्थान (ईस्टर), पन्नासावा दिवस (पवित्र आत्मा उतरल्याचा सण). ठाण्यातील सेंट जेम्स चर्चचे समर्पण १८२५ मध्ये बिशप रेजिनाल्ड हीबर यांच्या हस्ते झाले. ते स्वतः गीतकार होते आणि चर्चच्या वर्षातील प्रत्येक रविवारला साजेसे गीत असावे, या विचाराने त्यांनी गीते रचली व जमवली होती. तो संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर, १८२७ मध्ये प्रसिद्ध झाला. घरगुती गटालाही हा विचार लागू पडतो, कारण उपवासकाळात गायलेले गीत मुलाला त्या काळाचा अर्थ पंधरा मिनिटांच्या भाषणापेक्षा लवकर समजावते.

भाषेचा प्रश्न नवी मुंबईत टाळता येत नाही. आमच्या गटात एक सून केरळची आहे, एक शेजारी कुटुंब हिंदीभाषक आहे आणि निम्म्या मुलांचे शिक्षण इंग्रजी माध्यमात होत असल्याने त्यांना देवनागरी वाचायला वेळ लागतो. आम्ही महिन्याचे गीत मोठ्या ठळक अक्षरांत, एका बाजूला देवनागरीत आणि मागच्या बाजूला रोमन लिपीत, एकाच कागदावर छापतो. दर दोन-तीन महिन्यांनी एक कडवे हिंदी किंवा मल्याळम गीताचे घेतो आणि ते शिकवण्याचे काम त्या सुनेकडे किंवा शेजाऱ्यांकडे देतो. छपाईबाबत एक सूचना: भारतात गीतावरचा हक्क गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. टिळकांच्या शब्दांना आता अडचण नाही. हयात किंवा गेल्या ६० वर्षांत निवर्तलेल्या गीतकारांची गीते पुस्तिकेत छापायची असतील तर आधी परवानगी विचारावी.

पट्टी

लोक गात नाहीत याचे कारण भक्तीची उणीव असते असे फार लवकर म्हटले जाते. माझ्या अनुभवात दहापैकी आठ वेळा कारण पट्टीचे असते. मोबाइलवर ऐकलेले गीत कसलेल्या गायकाच्या पट्टीत असते. ती पट्टी दिवसभर लोकलमध्ये उभे राहून आलेल्या माणसाला झेपत नाही, त्यामुळे दुसऱ्या ओळीला तो गप्प होतो.

पट्टी ठरवण्याची रीत सोपी आहे. सभेच्या दोन दिवस आधी घरातलीच दोन माणसे, एक स्त्री आणि एक पुरुष, बसवावीत. दोघांपैकी कोणीही सराईत गायक नसावे. गीताची सुरुवात न गाता, त्यातली सर्वांत उंच जाणारी ओळ आधी गाऊन पाहावी. हनुवटी वर जाऊ लागली, भुवया ताणल्या किंवा आवाज पातळ झाला, तर पट्टी एक-दोन स्वर खाली आणावी. नंतर सर्वांत खालची ओळ गाऊन पाहावी आणि ती ऐकू येते ना याची खात्री करावी. पुरुषाने स्त्रीच्या खालच्या सप्तकात गायचे हे गृहीत आहे. साधारण अंदाज असा की गीत मुख्यतः मध्य 'सा' ते तार 'सा' (मधल्या सप्तकातला 'सा' ते त्याच्या वरच्या सप्तकातला 'सा') यांच्यामध्ये फिरत असेल, तर पेटीवरची काळी एक किंवा पांढरी दोन मिश्र गटाला सोसते. आणि गीत मंद्र (खालच्या सप्तकातल्या) 'प' पर्यंत उतरून मध्य 'प' च्या फार वर जात नसेल, तर पांढरी चार किंवा काळी तीन ठीक बसते. ठरलेली पट्टी पुस्तकात गीत क्रमांकाशेजारी पेन्सिलीने लिहून ठेवावी. आमच्या घरच्या पुस्तकाच्या समासात अशा नोंदी आहेत, आणि माझी मुलगी आता त्या पाहून परस्पर पेटीवर सूर धरते.

पेटी नसेल तर मोबाइलवरच्या हार्मोनियम अॅपवर एक सूर ऐकवला तरी पुरतो. गाता गाता पट्टी थोडी उतरली तर उतरू द्यावी.

नवे गीत शिकवताना

आधी शब्द, मग सूर, वाद्य शेवटी. 'पामर', 'तारक', 'करुणाघन', 'कृपासन' असे शब्द मोठ्यांच्या ओळखीचे असतात, पण सातवीतल्या मुलाला ते परके वाटतात. गीत सुरू करण्यापूर्वी एका मिनिटात त्यांचा अर्थ सांगावा, आणि तो सांगण्याचे काम एखाद्या आजोबांकडे द्यावे. नंतर चालकाने, म्हणजे गायन चालवणाऱ्याने, पूर्ण गीत एकदा गाऊन दाखवावे. त्यानंतर फक्त ध्रुवपद, ओळीमागून ओळ, दोनदा. मग ध्रुवपद सलग. मग पहिले कडवे. पहिल्या सभेत इतकेच. दुसरे कडवे पुढच्या सभेसाठी ठेवावे. कोणी चुकले तर थांबून दुरुस्त करू नये, पुढच्या आवर्तनात योग्य ओळ जरा ठळक गावी. एकट्या मुलाला किंवा नव्याने आलेल्या सुनेला "तू म्हणून दाखव" असे सर्वांसमक्ष कधीही सांगू नये. त्यामुळे एखादे कुटुंब कायमचे दुरावते.

गीताइतकेच उपयोगी म्हणजे पवित्र शास्त्रातल्या (बायबलमधल्या) स्तोत्रसंहितेचे सामुदायिक वाचन. १३६ व्या स्तोत्रात २६ वचने आहेत आणि प्रत्येक वचनाच्या शेवटी त्याची दया सनातन आहे हेच पालुपद येते. एका मोठ्याने वचनाचा पहिला भाग वाचायचा आणि मुलांनी पालुपद म्हणायचे. वाचता न येणारी चार वर्षांची मुलगीसुद्धा तिसऱ्या वचनापासून म्हणू लागते. आमच्याकडे पालुपदाला साधी दोन सुरांची चाल लावली आहे आणि सभेतल्या स्तोत्रवाचनाला पुष्कळदा हेच स्तोत्र असते.

वाद्ये कमीत कमी ठेवावीत. पेटी किंवा गिटार यांपैकी एक, आणि ठेक्यासाठी ढोलकी किंवा खंजिरी यांपैकी एक. केरवा आणि दादरा हे दोन ठेके आले तरी बहुतेक गीते निभावतात. खंजिरी मुलाच्या हाती द्यावी, पण आधी त्याला ती मांडीवर ठेवून शांत बसण्याचाही सराव द्यावा. दिवाणखान्यात माइक आणि स्पीकर मुळीच नको, कारण स्वतःचा आवाज ऐकू येईनासा झाला की माणूस गायचे थांबवतो.

आठवड्यातले घर

सभेत कुटुंब गाते की नाही, हे घरी आधीच ठरलेले असते. रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटे काढावीत. टीव्ही बंद, मोबाइल एका जागी ठेवलेले. महिन्याचे गीत एकदा, पवित्र शास्त्रातली चार-पाच वचने, प्रत्येकाने त्या दिवसातली उपकारस्तुतीची एक गोष्ट सांगणे आणि शेवटी प्रभूची प्रार्थना (येशूने शिष्यांना शिकवलेली) सर्वांनी मिळून. आठवड्यातून तीन दिवस जमले तरी पुष्कळ आहे. महापे किंवा ऐरोलीतल्या कंपन्यांत रात्रपाळी असलेल्या घरांनी हेच सकाळी, डबे भरून झाल्यावर करावे. आमच्या गटातले एक भाऊ पनवेलच्या शेवटच्या गाड्यांपैकी एखादीने परततात. त्यांची मुले गीत त्यांच्याशिवाय गातात, पण शेवटचे कडवे राखून ठेवतात आणि रविवारी सकाळी ते बाबांबरोबर म्हणतात.

किशोरवयीन मुलगा किंवा मुलगी गायला नकार देत असेल तर आग्रह धरू नये. त्याला पट्टी लावणे, गीताचे कागद वाटणे, वचन वाचणे असे खरे काम द्यावे. आवाज फुटत असलेल्या मुलाला गाताना लाज वाटते, आणि त्या वयात गीताच्या जवळ बसून राहणे हीसुद्धा त्याची उपासनाच आहे.

सभेची संध्याकाळ

क्रम ठरलेला असावा आणि तो यजमान कुटुंबाला आदल्या दिवशी माहीत असावा. आम्ही साधारण असे करतो: सुरुवातीची छोटी प्रार्थना यजमान घरातल्या एखाद्या मुलाने करायची, मग पहिली दोन गीते, स्तोत्राचे वाचन, महिन्याचे गीत, शास्त्रपाठ आणि त्यावर पंधरा-वीस मिनिटांचे मनन, कोणाची साक्ष (देवाने आपल्या आयुष्यात काय केले याचा अनुभव) असेल तर एक-दोन, मग शांत गीत, विनंत्यांची प्रार्थना, प्रभूची प्रार्थना आणि आशीर्वचन. शांत गीतानंतर अर्धा मिनिट कोणीही काही बोलू नये. नव्या चालकाला ही शांतता जड जाते आणि तो लगेच "आता आपण प्रार्थना करू या" म्हणून ती भरून काढतो. बाहेरून रिक्षाचा आवाज, स्वयंपाकघरातली कुकरची शिटी ऐकू येत राहते, ती येऊ द्यावी. त्याच अर्ध्या मिनिटात माणसे आपापली ओझी देवापुढे ठेवतात.

एखाद्या घरात नुकताच मृत्यू झाला असेल किंवा कोणी रुग्णालयात असेल, तर हातवाऱ्यांचे गीत त्या दिवशी वगळावे आणि त्या कुटुंबाला आवडणारे गीत विचारून घ्यावे. ते स्वतः गाणार नाहीत. बाकीच्यांनी त्यांच्यासाठी गायचे असते, आणि गट लहान असण्याचा सर्वांत मोठा आधार मला इथेच जाणवला आहे.

शेजाऱ्यांचा विचार उपासनेचाच भाग मानावा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरता येत नाही आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५ डेसिबल आहे. आपण ध्वनिक्षेपक वापरत नाही, तरीही ढोलकीचा आवाज खालच्या मजल्यावर उतरतोच. पहिल्या सभेपूर्वी वरच्या, खालच्या आणि समोरच्या घरी स्वतः जाऊन "शनिवारी साडेसात ते नऊ आमच्याकडे प्रार्थना आहे, त्रास झाला तर निःसंकोच सांगा" असे म्हणावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, त्या काळात ढोलकी बंद ठेवून नुसत्या टाळ्यांवर गावे. शेजारचे कोणी कुतूहलाने येऊन बसले तर त्यांना गीताचा कागद द्यावा, चहा द्यावा आणि त्यांच्या मनाप्रमाणे बसू द्यावे.

खाण्याचा बेत मात्र चहा आणि एका पदार्थापुरता ठेवावा. एका घरी पोहे झाले, दुसऱ्या घरी बिर्याणी झाली की तिसरे घर आपल्याकडे सभा ठेवायला कचरते, आणि यजमान घरातल्या बाईला गीताच्या वेळी ओट्यापाशी उभे राहावे लागते. ती स्वयंपाकघरात असेल तर पहिले गीत तिच्यासाठी थांबवावे.

निघण्यापूर्वी दोन कामे उरतात. पुढची सभा कोणाकडे आणि तेव्हा सुरुवातीची प्रार्थना कोणते मूल करणार, हे तिथेच ठरवावे. आणि महिन्याचे गीत सर्वांनी मिळून पुन्हा एकदा गावे, ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे व त्याच रात्री गटाच्या व्हॉट्सअॅपवर पाठवावे. या मुद्रणात कुठे सूर घसरलेला असतो, कुठे बाळ रडत असते, आजींचा आवाज अर्धी मात्रा मागे असतो. घरी सरावाला तेच लावावे, कारण मुले त्यात आधी स्वतःचा आवाज शोधतात आणि मग त्याच्याबरोबर गाऊ लागतात.